लग्न काढा, आहेर ठेवा

माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट अठ्ठावीस वर्षं आईच्या देवघराखालच्या कप्प्यात होती आणि एवढ्या काळात ती एकदाच लागली, तीही अर्धी. बाकी सगळी वर्षं तिनं नुसती पूजा करून घेतली. मी थट्टा करत नाही. पेडगावला आमच्या घरी खंडेनवमीला जी अवजारं पुजतात त्यांत विळा, खुरपं, कुऱ्हाड, आईची शिलाई मशीन, भावाच्या मोटारसायकलची किल्ली आणि सगळ्यात शेवटी ही कॅसेट असायची. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट, चार अक्षता आणि एक झेंडूचं फूल. एकदा मी विचारलं, कॅसेट हे काय अवजार आहे का. आई फूल वाहता वाहता म्हणाली, "तुझ्यासाठी नसंल. माझं तर तेच हत्यार हाय."

खरंच होतं ते. त्या कॅसेटमध्ये पुरावा होता आणि तो माझ्या आत्याविरुद्ध होता.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, राहायला सेलूला. आठवीपासून बारावीपर्यंत मी तिच्याच घरी राहून शिकले. माझ्या वेण्या तिनं घातल्या, माझी टायफॉइडची पथ्यं तिनं सांभाळली, आणि सायकलसुद्धा तिनंच शिकवली, स्वतःला येत नसताना. ती लुगड्याचा सोगा खोचून मागं पळायची आणि पळता पळता सूचना द्यायची. त्या सूचना पाळल्या असत्या तर मी आजही हौदातच असते. पण सायकल आली. मला दोन आया आहेत असं मी शाळेत सांगायची आणि कुणी हसलं तर मारायची.

माझ्या लग्नात या दोन आयांचं बिनसलं. आमच्याकडं पहिला आहेर नवरीच्या आत्याला, मानाची साडी. संध्याकाळी पंगती उठताना आत्या म्हणाली, मला साडी मिळालीच न्हाई. आई म्हणाली, म्या सोताच्या हातानं दिली. आत्या न जेवता सातच्या गाडीनं सेलूला निघून गेली. तेव्हापासून तिनं आईच्या हातचं पाणी सोडलं, आणि जिथं आई असेल तिथं तिचं पाऊल पडायचं बंद झालं. मी तिच्याकडं जायची, चार-चार दिवस राहायची, लाड करून घ्यायची. पण परभणीला माझ्या घरी ती कधी आली नाही, कारण माझ्या घरी आई यायची. माझ्या लेकीच्या बारशाला तिनं झबलं पाठवलं, स्वतः आली नाही. वडील गेले तेव्हा आली, पण ओट्यावरच बसली. आपल्या भावाच्या घरात ती आत आली नाही याचं मला फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

मग कॅसेट आधीच लावून का नाही पाहिली, असं कुणीही विचारेल. लावली होती. लग्नानंतर महिन्याभरानं वडिलांनी मानवतहून एका दिवसासाठी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला, अर्धं गाव अंगणात जमलं. हळद झाली, मंगलाष्टकं झाली, शूटिंगवाल्यानं माझा चेहरा बदामाच्या आकारात बसवलेला तो प्रकारही झाला, आणि आहेर सुरू झाला तशी लाइट गेली. सकाळपर्यंत आलीच नाही. सकाळी व्हीसीआर परत गेला. पुन्हा आणा म्हणून आई मागं लागली, पण वडिलांनी मनावर घेतलं नाही. ते म्हणाले, "खोटं तुझं निघालं तर मला वाईट, तिचं निघालं तरी मलाच वाईट." हा माणूस आयुष्यभर बायको आणि बहीण यांच्या मध्ये उभा राहिला, आणि तो विषय त्याच्यापुरता तिथं संपला.

आता यंदा माझ्या लेकीचं लग्न ठरलं, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली. लेकीनं एकच हट्ट धरला, हळदीचं पहिलं बोट आत्याआजीचं. मी सेलूला फोन केला. आत्या म्हणाली, पोरीला माझा आशीर्वाद हाय, पण मी येणार न्हाई, तुझ्या मायीला पहिलं कबूल करू दे की साडी दिलीच न्हवती. आईला विचारलं तर ती म्हणाली, वन्संला कबूल करू दे की घेतली होती, मी पाया पडून घेऊन येते. एक चौऱ्याहत्तर वर्षांची, एक ऐंशीची. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात लग्नाची घाई. मी आईला सांगितलं, काढ ते तुझं हत्यार बाहेर, एकदाच काय तो निकाल लागू दे. आत्याकडं नातवानं दिलेला डीव्हीडी प्लेअर आहे, त्यावर ती भजनं लावते. कॅसेटची डीव्हीडी करायची, सेलूला न्यायची आणि तिच्यासमोर लावायची, असं ठरलं. आई इतकी खूश झाली की त्याच दिवशी पेडगावहून गाडीत बसून कॅसेट पिशवीत घालून आली.

परभणीत कॅसेटची डीव्हीडी करून देणारा माणूस शोधणं सोपं नाही. चार स्टुडिओवाल्यांनी कॅसेट हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि परत दिली. एकानं तर मला विचारलं की हिला पेन ड्राइव्ह कुठून लावायचा. शेवटी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक जुने फोटोग्राफर सापडले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, सत्तरीचे असतील. त्यांच्याकडं व्हीसीआर चालू स्थितीत होता आणि त्यावर ते कापड झाकून ठेवत होते. मी तिथंच ओळखलं की माणूस आपला आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो, मी, आई आणि माझे यजमान. स्वतःचं लग्न बघायला जायचं म्हणून मी कपाटातून लग्नातलीच एक साडी काढून नेसले. मोरपंखी, रुंद तांबड्या काठाची. ती सासरी माझ्या ट्रंकेत निघाली, म्हणजे आईनंच घातली असं मी धरून चालले होते, आणि मी ती वर्षातून एखाद्या वेळीच नेसते म्हणून टिकली. आईनं साडीकडं बघून तोंड वाकडं केलं. या साडीला ती पहिल्या दिवाळीपासून तोंड वाकडं करते, मला वाटायचं घेतल्यावर तिला रंग आवडला नसेल. उलट आत्याला ती फार आवडायची. एकदा मी ती नेसून सेलूला गेले होते, तर आत्यानं काठ बोटात धरून विचारलं, कोणी घेतली. आईनं, असं म्हटल्यावर काठ सोडून दिला आणि म्हणाली, लेकीला बऱ्या घेती.

चाचांनी कॅसेट हातात घेतली, कानाशी हलवली. आत खुळखुळा वाजला. त्यांनी छोटा पेचकस घेऊन पाच स्क्रू काढले, झाकण उचललं आणि चष्मा पुढं ओढून वाकले. आत कुंकू होतं, हळद होती, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या होत्या आणि अक्षता होत्या. अठ्ठावीस खंडेनवम्या आईनं त्या कॅसेटच्या खिडकीवर बोट टेकवलं होतं आणि थोडं थोडं सगळं आत उतरलं होतं.

"ताई," चाचा म्हणाले, "ही कॅसेट हाय का पूजेचं ताट?"

मला हसू आवरेना. आईला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिनं चाचांना समजावलं की पूजा केली म्हणूनच टिकली, न्हाई तर कव्हाच बुरशी लागली असती. आणि खरं सांगायचं तर बुरशी लागलीच नव्हती. चाचांनी चिमट्यानं एक एक अक्षत उचलून वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवली, ब्रशनं कुंकू झाडलं, टेपची दोन्ही चाकं दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमध्ये बसवली आणि मग सांगितलं की तीन तासांची टेप उतरवायला तीनच तास लागतात, तुम्ही संध्याकाळी या. आई म्हणाली, आमी बसतो की. तिनं येतानाच धपाटे, ठेचा आणि दह्याचा डबा बांधून आणला होता. सगळं आधीपासून माहीत असल्यासारखं वागायची तिची ही जुनी सवय आहे.

टेप सुरू झाली. चित्रात अधूनमधून तांबड्या रेघा जात होत्या. चाचांनी दोनदा थांबून मशीनचं हेड स्पिरिटनं पुसलं, फडकं दोन्ही वेळा कुंकवानं लाल झालं. पण दिसत होतं. पेडगावचं अंगण, मांडव, मी, माझ्या डोक्यावर बाशिंग आणि बाशिंगाखाली माझं घाबरलेलं तोंड. माझे यजमान त्या काळी एवढे बारीक होते की फेट्याचं वजन त्यांना पेलत नव्हतं.

थोड्या वेळानं दुकान भरायला लागलं. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या दोन बाया आल्या. चहा घेऊन आलेला माणूस किटली ठेवून तिथंच टेकला. एक गृहस्थ पासपोर्ट फोटो काढायला आले होते, ते हातात कंगवा धरून उभे राहिले ते राहिलेच. त्यांनी विचारलं, नवरदेव कोण. मी भिंतीशी स्टुलावर डुलक्या घेणाऱ्या यजमानांकडं बोट दाखवलं. गृहस्थांनी एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा स्टुलाकडं पाहिलं आणि समजूतदारपणे पुढं काही विचारलं नाही. आईनं सगळ्यांना धपाटे वाटले. पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही हे तिनं त्या दुकानातही पाळलं.

मंगलाष्टकं लागली. पडद्यावर अंतरपाट धरला, भटजींनी सूर लावला, आणि आईनं चाचांच्या टेबलावरच्या वर्तमानपत्रातून चिमूटभर अक्षता उचलल्या. मला वाटलं ती त्या पिशवीत भरून घेतेय. शेवटचं "सावधान" आलं आणि आईनं त्या सगळ्या टीव्हीवर टाकल्या. बांगड्यावाल्या बायांनीही हात पुढं करून राहिलेल्या उचलल्या आणि टाकल्या. पासपोर्टवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. यजमान दचकून जागे झाले, त्यांच्या डोक्यावर दोन दाणे पडले होते. पन्नाशीला टेकलेली मी तोंडावर पदर धरून इतकी हसले की मला उचकी लागली. चाचा मात्र धावत आले आणि व्हीसीआरवर कापड टाकून म्हणाले, "अम्मा, मशीनचं लग्न झालेलं हाय आधीच."

मग आहेर आला. आई एकदम सावरून बसली. डबा बंद केला, चष्मा पुसला. दुकानातल्या सगळ्यांना तोवर हकीकत कळली होती, कारण आईनं ती धपाट्यांबरोबर वाटली होती. सगळे पुढं सरकले.

पडद्यावर मी पाटावर मान खाली घालून बसले आहे. माझ्या बाजूला ओटीचं सामान, नारळ, खण, ब्लाउजपीस यांचा ढीग. माझ्या शेजारी आत्या, पन्नाशीची, ताठ. आई येते, तिच्या हातात ताट. आत्याला कुंकू लावते, ताटातली साडी उचलून तिच्या पुढं धरते. गलका होता, पण कॅमेरा जवळ होता म्हणून ऐकू आलं. आई म्हणाली, घ्या वन्सं. आत्या म्हणाली, नको, कशाला. आई म्हणाली, घ्या. आत्या म्हणाली, नको नको, आणि हातानं साडी मागं सारली. तेवढ्यात मांडवाच्या पलीकडून कुणीतरी आईला हाक मारली, वरणात मीठ पडलं का म्हणून. आईनं मान वळवली, साडी आत्याच्या गुडघ्यावर टेकवली आणि गेली. साडी गुडघ्यावरून घसरली ती माझ्या ओटीच्या ढिगावर पडली. आत्या समोरच बघत होती. ती वाट बघत होती, हे आज कुणालाही दिसलं असतं.

हे मी थोडं समजावून सांगते, कारण आमच्याकडच्या माणसाला ते सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला कळत नाही. पहिल्या "घ्या"ला घेणारी बाई हावरी, दुसऱ्याला घेणारी उतावळी. तिसऱ्या "घ्या"ला घेतलं की तो मान. मानाची बाई दोनदा नको म्हणते आणि तिसऱ्यांदा पदर पसरते. आत्यानं तिचे दोन "नको" चोख म्हटले होते.

आणि नवरी? नवरीनं हळूच डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, ढिगावरची साडी ओढली आणि आपल्या ओटीत खाली दडपली. कुणीतरी मला सांगितलं होतं की ओटीचं सामान सांभाळ, काही सांडू देऊ नकोस. मी आज्ञाधारक होते.

चाचांनी टेप थांबवली. पडद्यावर माझा हात साडीवर होता. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, खांद्यापासून निऱ्यांपर्यंत.

"ताई," ते म्हणाले, "ही तीच न्हाई का?"

सगळं दुकान माझ्याकडं वळलं. मोरपंखी, रुंद तांबडा काठ. मी पदर हातात धरला, उचकी तेवढी चालू होती. अठ्ठावीस वर्षं ज्या साडीवरून दोन घरं तुटली ती मी नेसून बसले होते. म्हणजे चोर मीच, आणि चोरीचा माल अंगावर.

आई मात्र दचकली नाही. ती म्हणाली, "मला म्हाईत होतं की."

मग तिनं सांगितलं. पहिल्या दिवाळसणाला मी ती साडी नेसून आले तेव्हाच तिनं ओळखली होती. तिला वाटलं, वन्संनी साडी घेतली आणि रागारागानं भाचीला देऊन टाकली, वर मिळाली न्हाई म्हणून सांगतात. त्या अपमानानंच ती इतकी वर्षं जळत होती. मी म्हटलं, मग मला कधी बोलली का नाहीस. आई काठाकडं बघत म्हणाली, "तुझा तिच्यावर लय जीव. तुझ्या आत्यानं असं केलं म्हणून तुला कशाला सांगू."

मला एकदम भरून आलं. ही बाई नणंदेशी अठ्ठावीस वर्षं भांडली, पण माझी आत्या माझ्यापासून तोडली नाही. मी तिचा हात धरला. ती पडद्याकडंच बघत होती.

"परत लावा," ती चाचांना म्हणाली. चाचांनी टेप मागं घेतली. घ्या, नको, घ्या, नको नको, मीठ. परत लावली. बांगड्यावाल्या बाया बोटांवर मोजत होत्या. तिसऱ्या खेपेला पासपोर्टवाल्यांनी क्रिकेटच्या पंचासारखी दोन बोटं वर केली आणि निकाल दिला, दोनच. आईचं तोंड उतरलं. ज्या हत्याराची तिनं इतकी पूजा केली ते तिच्यावरच उलटलं होतं. साडी दिली हे खरं, पण दोन "घ्या"वर दिलेली साडी ही दिलेली नसते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत.

मग चाचांनी आणखी एक अडचण काढली. टेप तीन तासांची, एका डिस्कवर नीट दोन तासच बसतात. दोन डिस्क करू का? आई म्हणाली, नको, दोन केल्या तर वन्सं दुसरी लावायच्याच न्हाईत. मग काहीतरी कापावं लागेल, चाचा म्हणाले. थोडं थांबून, आवाज खाली घेऊन ते आईच्या भल्यासाठी म्हणाले, "अम्मा, आहेरच उडवू का? कुनाला कळनार न्हाई. तुमच्या दिलाला तकलीफ न्हाई."

आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"न्हाई," ती म्हणाली. "लग्न काढा, आहेर ठेवा."

स्टुलावरून यजमान पहिल्यांदा बोलले. त्यांनी विचारलं की मग मी कुठं राहतो. आई म्हणाली, "तुमी पंगतीत दिसता की, जावईबापू." असा माझ्या लग्नाच्या डीव्हीडीतून माझा विवाह निघून गेला. सप्तपदी गेली, कन्यादान गेलं, बदामही गेला. हळद, आहेर, पंगत आणि पाठवणी एवढंच उरलं. कायद्यानं आम्ही दोघं अजून नवरा-बायको आहोत की नाही, हे यजमान मधूनमधून विचारत असतात.

आठवड्याभरानं आम्ही सेलूला निघालो, मी आणि आई, सकाळच्या पॅसेंजरनं. साडी धुऊन, इस्त्री करून पिशवीत घेतली होती. आई वाटेत पेडगाव आलं तरी खिडकीबाहेर बघेना, मानवत रोड आलं तरी बोलेना. सेलूला आत्याच्या दारात रिक्षातून उतरल्यावर म्हणाली, मी ओट्यावर बसते, तू जा आत. मी वाद घातला नाही.

आत्यानं मला पाहून तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, भाईर कोन हाय. मी म्हटलं, आई. आत्या म्हणाली, बसू दे. मी डीव्हीडी पाकिटातून काढली आणि उजेडात धरली. डिस्कच्या चकाकत्या बाजूवर हळदीकुंकवाचं एक ठसठशीत बोट होतं. आदल्या रात्री आईनं ती देवापुढं ठेवली होती, एवढं मला माहीत होतं. चकाकती बाजू म्हणजे तोंड, असा तिचा हिशेब. मी पदरानं पुसली, पुसल्यावर ती जास्तच पसरली. लावली तशीच.

लागली मात्र. आत्या खुर्ची पुढं ओढून बसली. स्वतःला तरुण बघून तिला हसू आलं, माझ्या वडिलांना बघून डोळे पुसले. मग आहेर आला. आई ताट घेऊन आली. घ्या वन्सं. नको, कशाला. घ्या. नको नको. आणि तिथंच डिस्क अडकली. कुंकवानं वेळ साधली. पडद्यावर आत्याचा हात साडी मागं सारायचा, पुन्हा जागेवर जायचा, पुन्हा सारायचा. नको नको. नको नको. नको नको. मी रिमोट दाबत होते, तो ऐकेना. घरभर आत्याचा अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा आवाज भरून राहिला होता आणि पुढचं काही येतच नव्हतं.

आणि बाहेर ओट्यावरून, मान न वळवता, सवयीनं बोलावं तसं आई म्हणाली, "घ्या, वन्सं."

मी रिमोट खाली ठेवला. आत्या पडद्याकडं बघत होती. तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

"हे कितवं म्हनायचं?" तिनं मला विचारलं.

"तिसरं," मी म्हणाले.

"मंग आत येऊन दे म्हनावं. भाईरून फेकून देती काय?"

आई आत आली. माझ्या पिशवीतून साडी काढली, देवळीतल्या करंड्यातलं कुंकू घेऊन आत्याला लावलं आणि साडी तिच्या पुढं धरली. आत्यानं पदर पसरला. साडी घेतली, घडी उलगडली, काठ ओळखला, आणि निऱ्यांजवळचा एक तेलाचा डाग शोधून काढला. म्हणाली, ही तर वापरलेली हाय. आई म्हणाली, तुमच्याच भाचीनं वापरली. मग मला सगळं सांगावं लागलं, माझ्या ओटीतल्या हातापर्यंत. ते संपेस्तोवर दोघी एका बाजूला झाल्या होत्या आणि मी एकटी दुसऱ्या. लहानपणापासूनच हिला दुसऱ्याच्या ताटातलं लागतं, असं आत्या म्हणाली आणि आईनं मान डोलावली. मग दोघी हसायला लागल्या, आत्याला ठसका लागेपर्यंत. मागं टीव्हीवर नको नको चालूच होतं. आत्या डोळे पुसत मला म्हणाली, "बघत काय बसलीस, तुझ्या मायीला पाणी दे."

लेकीच्या हळदीला पहिलं बोट आत्याआजीचं लागलं, मोरपंखी साडीत. लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये आहेराच्या वेळी आईनं तिच्यासाठी नवी साडी आणली होती. कुंकू लावलं आणि एका दमात म्हणाली, "घ्या, घ्या, घ्या." आत्याला नको म्हणायला जागाच राहिली नाही. तिनं साडी घेतली आणि काखेत धरली.

आताचे शूटिंगवाले निराळे असतात. त्यातला एक पुढं आला आणि अदबीनं म्हणाला, आजी, फ्रेम चुकली, साडी परत त्यांच्याकडं द्या, पुन्हा एकदा घ्या.

आत्यानं काखेतली साडी दोन्ही हातांनी छातीशी धरली. "न्हाई बाबा," ती म्हणाली. "एकदा हातात आली ती मी आता परत देत न्हाई."